अजनीच्या पुलावरून दिसणारा सायकल आराखडा

मानेवाड्यातल्या घरापासून लक्ष्मीनगरातल्या शाळेपर्यंत मी गेली अनेक वर्षे सायकलने जातो, आणि या वाटेवर मला एकदा रेल्वेचे रूळ ओलांडावे लागतात. नागपूरचा नकाशा समोर पसरला, की पहिल्यांदा डोळ्यात भरते ती हीच दक्षिणोत्तर रेल्वे. तिच्या पूर्वेला महाल, इतवारी, गांधीबाग, सक्करदरा आणि त्यांच्याही पलीकडे पारडी, दिघोरी, हुडकेश्वर. पश्चिमेला सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, लक्ष्मीनगर आणि शेवटी हिंगण्याची एमआयडीसी. कमी भाड्याच्या खोल्या बव्हंशी एका बाजूला आणि धुणीभांडी, पहारा, बांधकाम, कारखाना ही कामे बव्हंशी दुसऱ्या बाजूला, अशी या शहराची विभागणी होऊन बसली आहे. रोज सकाळी हजारो माणसे या रुळांवरून किंवा रुळांखालून पश्चिमेकडे जातात आणि संध्याकाळी परततात. त्यासाठी मार्ग मात्र मोजकेच आहेत: मंगळवारीचा पूल, रामझुला, रुळांखालून जाणारा लोहापूल, अजनीचा पूल, नरेंद्रनगरचा भुयारी मार्ग आणि अशीच आणखी काही ठिकाणे. मोटारीतल्या माणसाला दोन किलोमीटरचा वळसा पडला तर त्याची चार मिनिटे जातात. ताशी १२ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलवाल्याला तोच वळसा दहा मिनिटांना आणि एका ओल्या सदऱ्याला पडतो. शहरात सायकलींसाठी काही करायचे असेल, तर सुरुवात या रूळ ओलांडण्याच्या जागांपासून व्हावी, असे माझे फार दिवसांपासूनचे मत आहे, आणि ते कशावरून बनले ते येथे जरा सविस्तर लिहितो.

नागपुरात सायकलींसाठी काहीच झाले नाही असे म्हणता येणार नाही. केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने २५ जून २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ ही शहरांसाठीची स्पर्धा जाहीर केली. देशातल्या १०७ शहरांनी तीत नाव नोंदवले, आणि २०२१ साली ज्या ११ शहरांची निवड झाली त्यांत पिंपरी-चिंचवडबरोबर नागपूरही होते. निवडलेल्या प्रत्येक शहराला पुढच्या कामासाठी एक कोटी रुपये मिळायचे होते. त्या दिवसांत शहराच्या पश्चिम भागात, म्हणजे जेथे रस्ते मुळातच रुंद, झाडी मुळातच दाट आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी मुळातच मोठी, तेथे कडेला रंगाचे पट्टे आखून सायकल मार्ग तयार करण्यात आले. मला ते पाहून आनंद झाला होता आणि मी मुलीला घेऊन एका रविवारी मुद्दाम त्यावरून सायकल चालवूनही आलो. सोमवारी सकाळी मात्र मी पुन्हा अजनीच्या पुलावर होतो, आणि तेथे रंगाचा थेंबही नव्हता.

आमच्या वस्तीच्या कोपऱ्यावर एक म्हातारे काका पंक्चर काढतात. एक लाकडी पेटी, पाण्याने अर्धे भरलेले घमेले, उभा हातपंप आणि खांबाला टांगलेल्या जुन्या ट्यूबांचा झुबका, एवढेच त्यांचे दुकान आहे. मी एकदा सहज म्हणालो, की आजकाल सायकली कमी झाल्यामुळे तुमचा धंदा बसला असेल. त्यावर ते हातातली ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे पाहता पाहता म्हणाले, “कुठं कमी झाल्या, सर? तुमी येता साडेनवाले, तवा सायकलवाले संपले रायते. मी साडेपाचले येऊन बसतो. पयले पेपरवाले, मंग गार्डाची ड्युटी सुटलेले, मंग मिस्त्रीकामवाले. आठ वाजले का माया आर्धा धंदा झाला.” मी ज्या वेळी रस्त्यावर असतो त्या वेळेवरून मी सायकलींचा अंदाज बांधत होतो, आणि माझी खात्री आहे की आराखडे करणारी मंडळीही तेच करतात. वाहनांची मोजणी साधारणपणे मोटारींच्या गर्दीच्या वेळेला होते. मोटारींची गर्दी दहाच्या कार्यालयांची, सायकलींची गर्दी आठच्या पाळीची. दहाला मोजायला उभे राहणाऱ्याला सायकली दिसतच नाहीत, आणि अहवालात सायकलस्वारांचे प्रमाण नगण्य असे लिहिले जाते.

२०११ च्या जनगणनेत प्रथमच लोक कामावर कसे जातात हे विचारले गेले होते. शेतीबाहेरच्या कामकऱ्यांपैकी देशभरात सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते, म्हणजे अडीच कोटींहून अधिक माणसे. त्यानंतर पुढची जनगणना लांबत गेली आणि दरम्यान हप्त्यांवर घेतलेल्या दुचाक्या वाढल्या, त्यामुळे आज तो आकडा तसाच धरता येत नाही. पण ‘सायकल कोण चालवतो आता’ हा जो प्रश्न आपल्याकडे अगदी सहजपणे, उत्तर ठाऊक असल्यासारखा विचारला जातो, त्याला पंक्चरवाल्या काकांनी मला पुरेसे उत्तर दिले होते.

म्हणून मागच्या हिवाळ्यात एका मंगळवारी मी आणि माझी मुलगी सकाळी सहा वाजता अजनी पुलाच्या टीबी वॉर्डाकडच्या टोकाला वही घेऊन उभे राहिलो. मुलीने स्वतःच्या हाताने रकाने आखले होते: हँडलला डबा लटकवलेले, कॅरियरला अवजारे किंवा पोते बांधलेले, शाळेचे दप्तर असलेले, बायका, आणि शेवटचा रकाना हेल्मेट घातलेल्यांचा. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशा गठ्ठ्यांनी पहिला रकाना पाऊण तासात भरला आणि तिला पान उलटावे लागले. थापी, ओळंबा आणि सिमेंटने पांढरे झालेले घमेले कॅरियरला बांधून जाणारे मिस्त्री दुसऱ्या रकान्यात जात होते. बायकांचा रकाना विरळ होता. हेल्मेटवाल्यांच्या रकान्यात मात्र एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच रेघा पडल्या, आणि गंमत म्हणजे शहरात सायकलविषयीची जी काही बैठक, फेरी किंवा उद्घाटन होते, तेथे बोलावले जातात ते नेमके याच रकान्यातले लोक. (मी स्वतः हेल्मेट घालतो. त्यामुळे हे लिहिताना मी स्वतःलाही त्यातून वगळलेले नाही.)

मुलीने अर्ध्या तासानंतर आणखी एक रकाना वाढवला, कारण तिच्या लक्षात आले की चढावर बरेच जण खाली उतरून सायकल ढकलत नेत आहेत. पुलाचा चढ मोटारीला जाणवतही नाही. पंचवीस-तीस किलो सामान लादलेल्या, गिअर नसलेल्या सायकलीला मात्र तो दम काढतो. उतरलेला माणूस सायकलीसह रस्त्याची दुप्पट जागा व्यापतो, मागून ‘आपली बस’ या शहर बससेवेची बस हॉर्न देते, आणि तो सायकल कठड्याला टेकवून बस जाईपर्यंत थांबून राहतो. जुना पूल ब्रिटिशांच्या काळातला आणि अरुंद आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या शेजारी नव्या रुंद पुलाचे काम हाती घेतले आहे, आणि माझी मागणी अगदी साधी आहे: नव्या पुलावर मोटारींच्या मार्गिकांपासून कठड्याने वेगळा केलेला, दोन्ही बाजूंना किमान दोन मीटर रुंदीचा आणि चढ शक्य तितका सौम्य ठेवलेला सायकलीचा रस्ता असावा. पूल पन्नास-शंभर वर्षांसाठी बांधला जातो. रंगाचा पट्टा पुढच्या वर्षीही मारता येतो, पण पुलाची रुंदी नंतर वाढवता येत नाही.

दोन मीटर ही रुंदी मी मनाने सांगत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची सायकल मार्गांच्या रचनेची शिफारसपत्रिका १९६२ पासून आहे आणि २०१५ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. आपल्याकडच्या मार्गदर्शक पुस्तिकांत एकेरी सायकल मार्ग साधारणपणे किमान दोन मीटर आणि दुहेरी मार्ग तीन मीटर रुंद असावा असे सांगितले जाते, कारण सायकल सरळ रेषेत चालत नाही, ती किंचित डुलते, आणि मागच्याला पुढच्याला ओलांडून जाण्याइतकी जागा लागते. मी कुतूहलापोटी पश्चिमेकडच्या एका रस्त्यावरचा आखलेला पट्टा टेपने मोजला. तो कागदावर बरोबर होता. प्रत्यक्षात त्याच्या अर्ध्या भागावर एक मोटार उभी होती आणि उरलेल्या भागात तिचे दार उघडत होते. उघडणारे दार साधारण मीटरभर जागा घेते, म्हणजे तेथून जाणाऱ्या सायकलवाल्याला दारावर आपटायचे की पट्ट्याबाहेर गाड्यांत शिरायचे, एवढाच पर्याय उरतो.

येथे कोणी म्हणेल की पट्ट्याच्या कडेला खांब लावा. खांब हवेतच, पण नागपूरसारख्या शहरात, जेथे घरटी एखादी तरी दुचाकी आहे, तेथे एक अडचण परदेशी पुस्तकांत फारशी सापडत नाही. ज्या फटीतून सायकल जाते त्या फटीतून ॲक्टिवाही जाते. मोटार अडवणे सोपे आहे. दीड मीटरच्या अंतराने खांब उभे केले की मोटार अडते. दुचाकी तशी अडत नाही, आणि फट आणखी आवळली तर कॅरियरला पिंप बांधलेला दूधवाला आणि तीनचाकी सायकलवरचा अपंग माणूस आधी अडतो. माझ्या अनुभवात दुचाकीवाले सायकल मार्गात शिरतात ते मुख्य रस्ता तुंबलेला असतो तेव्हा. म्हणून मार्ग थोडा उंच करणे, त्याचा पृष्ठभाग वेगळ्या रंगाचा व पोताचा ठेवणे आणि मुख्य म्हणजे चौकाच्या अलीकडच्या पन्नास मीटरांत, जेथे रांग लागते तेथे, वाहतूक पोलिसाने नियमितपणे उभे राहणे, हे तिन्ही एकत्र असल्याशिवाय काही साधत नाही. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कमी वेळा घडते. माझ्या लहानपणी दिवा नसलेल्या किंवा डबलसीट जाणाऱ्या सायकलवाल्याला पोलीस चौकात अडवून हवा सोडून देत. तेवढीच तत्परता आता सायकल मार्गातल्या दुचाकीवाल्यासाठी दाखवली तरी पुरेसे होईल.

पट्ट्यावर तर्री-पोह्यांचा ठेला लागतो अशीही तक्रार केली जाते. माझे निरीक्षण असे आहे की ठेला स्वतः फार तर दीड-दोन मीटर जागा घेतो. पट्टा बंद होतो तो पोहे खाणाऱ्यांच्या आडव्या-तिडव्या लावलेल्या गाड्यांमुळे. ठेलेवाल्याला हुसकावण्यापेक्षा त्याच्यासाठी पदपथाच्या मागच्या कडेला जागा आखणे आणि पट्ट्यालगत गाडी लावण्यास बंदी करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. अतिक्रमण हटवणारी गाडी आली की आमचे पंक्चरवाले काकाही पेटी उचलून गल्लीत पळतात. सायकलींचा आराखडा करणाऱ्या कार्यालयाच्या यादीत हवा भरण्याची जागा, पंक्चर, ब्रेकचे रबर, सैल झालेली चेन या गोष्टी ‘सुविधा’ म्हणून नोंदवल्या जातात, आणि त्या सुविधा पुरवणारा माणूस मात्र दुसऱ्या एखाद्या यादीत ‘अतिक्रमण’ म्हणून असतो.

रस्त्याच्या पृष्ठभागाविषयी लिहिताना मला माझ्या डाव्या मनगटाची आठवण होते. नागपुरात गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर सिमेंटचे रस्ते झाले. ते टिकतात आणि त्यांवर खड्डे कमी पडतात, हे मी नाकारत नाही. परंतु सिमेंटची लादी पूर्वीच्या डांबरी रस्त्यापेक्षा उंच बसते आणि तिची कड आणि पदपथ यांच्यामधली जागा नंतर केव्हातरी गट्टूंनी, म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांनी, भरली जाते. ज्या काळात ती भरलेली नसते त्या काळात लादीची कड ही सरळ, सहा-आठ इंच खोल, चाकाला समांतर जाणारी खाच असते, आणि सायकलवाला तर कडेनेच जातो. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये पावसाचे पाणी साचून ती खाच दिसेनाशी झाली होती. मागून आलेल्या गाडीला वाट देण्यासाठी मी थोडा डावीकडे सरलो, पुढचे चाक खाचेत उतरले आणि मी हँडलवरून पुढे फेकला गेलो. हाताला तीन आठवडे प्लास्टर होते. ज्या यंत्रणेचे ते काम होते तिला मी छायाचित्रांसह पत्र लिहिले. गट्टू दिवाळीनंतर बसले आणि तेही मधल्या चेंबरच्या झाकणापेक्षा दोन बोटे खाली. चारचाकी गाडीला त्या दोन बोटांचा पत्ताही लागत नाही. सायकलवाल्यासाठी रस्ता म्हणजे कडेची ती एक मीटर जागा, आणि कंत्राटात सर्वांत शेवटी पूर्ण होणारी जागाही तीच असते.

आता चौकांविषयी, कारण माझ्या मते खरा प्रश्न तेथे आहे. दोन चौकांमधल्या सरळ रस्त्यावर सायकल मार्ग आखणे सोपे असते, त्याची छायाचित्रेही चांगली येतात, आणि चौक आला की बहुतेक ठिकाणी तो मार्ग एकाएकी संपतो. नागपुरात २००० सालच्या आसपास आयआरडीपीच्या, म्हणजे एकात्मिक रस्ते विकासाच्या, योजनेत अनेक रस्ते रुंद झाले आणि त्यांच्याबरोबर चौकही पसरले. समजा, एक चौक ओलांडायला ४० मीटर अंतर कापावे लागते. ताशी ४० किलोमीटरने जाणारी मोटार ते साडेतीन सेकंदांच्या आसपास कापते. ताशी १२ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलीला १२ सेकंद लागतात, आणि थांबलेल्या अवस्थेतून निघाली तर त्याहून अधिक. पिवळा दिवा साधारण तीन सेकंदांचा असतो. म्हणजे हिरव्या दिव्याच्या शेवटच्या क्षणी, अगदी नियम पाळून चौकात शिरलेला सायकलवाला आडव्या रस्त्याला हिरवा दिवा मिळतो तेव्हा चौकाच्या आतच असतो, आणि चारी बाजूंनी हॉर्न वाजू लागतात. लोक म्हणतात, सायकलवाले सिग्नल पाळत नाहीत. जो सिग्नल मोटारीच्या वेगावर बेतलेला आहे, तो सायकलवाल्याला पाळता येण्याजोगाच नाही, हे ज्याने कधी मेडिकल चौक सायकलने ओलांडला आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

यावर करता येण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. सर्व दिवे लाल असण्याचा कालावधी दोन-तीन सेकंदांनी वाढवता येतो. गाड्यांची थांबण्याची रेघ चार-पाच मीटर मागे घेऊन तिच्यापुढे फक्त सायकलींना उभे राहण्याची जागा आखता येते, म्हणजे हिरवा दिवा लागल्यावर डावीकडे वळणारी बस सायकलवाल्याला आधी पाहते. डाव्या वळणाचा कोपरा आज मोटारीला वेग कमी न करता वळता यावे म्हणून मोठा गोल केलेला असतो. तो आवळला की गाड्यांना आपोआप हळू व्हावे लागते. वेग हाच तर मुद्दा आहे. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ५० किलोमीटरच्या धडकेत ३० च्या धडकेपेक्षा जवळपास पावणेतीन पट ऊर्जा असते. नववीच्या वर्गात मी हे गणित फळ्यावर सोडवून घेतो, तेव्हा मुले बरोबर उत्तर काढतात आणि मग शाळेसमोरच्या रस्त्याकडे पाहतात.

उन्हाविषयी बाहेरच्या माणसाला कितीही सांगितले तरी कमीच. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. तेवढे रोज नसले तरी मे महिन्यात ४४-४५ अंश आम्हाला नवे नाहीत, आणि सिमेंटचा रस्ता दिवसभर घेतलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत परत देत राहतो. अशा शहरात सावली हा सायकल मार्गाचा भागच समजला पाहिजे. उत्तर-दक्षिण रस्त्याच्या पश्चिम कडेला कडुलिंबाची रांग असेल, तर दुपारनंतरची सावली मार्गावर पडते आणि चारनंतर घरी परतणाऱ्याला ती लाभते. रस्ता रुंद करताना प्रथम कापली जातात ती हीच कडेची झाडे. त्यांच्या बदल्यात शहराबाहेर कोठेतरी लावलेली रोपे अजनीच्या पुलापासून मेडिकल चौकापर्यंत जाणाऱ्याच्या डोक्यावर सावली धरू शकत नाहीत.

मेट्रोने मात्र एक चांगली गोष्ट केली आहे, ती म्हणजे डब्यात सायकल नेण्याची परवानगी. अ‍ॅक्वा मार्गिका पूर्वेकडच्या प्रजापतीनगरपासून सीताबर्डीमार्गे हिंगण्याच्या बाजूच्या लोकमान्यनगरपर्यंत जाते, म्हणजे ती नेमकी तेच रूळ ओलांडते ज्यांच्याविषयी मी सुरुवातीला लिहिले. वाठोड्याकडचा कामगार सायकलने प्रजापतीनगरला येऊन पुढे गाडीने एमआयडीसीला जाऊ शकेल, तर त्याचा निम्म्याहून अधिक त्रास वाचेल. त्यासाठी प्रत्येकाने सायकल डब्यात चढवण्याची गरज नाही. स्थानकाखाली छप्पर असलेली, कुलूप लावण्यासाठी मजबूत लोखंडी कमान असलेली आणि पहारेकऱ्याच्या नजरेसमोरची फुकट जागा मिळाली तरी पुरे. ज्याची सायकल हीच त्याची सर्वांत महाग वस्तू आहे, तो ती बेवारस जागी दिवसभर सोडून जाणार नाही.

भाड्याच्या सायकलींच्या योजनांवर माझा फारसा विश्वास बसलेला नाही. पुण्याने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच सुमारास मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या सायकली रस्त्यावर आल्या. मोडतोड आणि चोऱ्या झाल्या, आणि चालवणाऱ्या कंपन्या यथावकाश निघून गेल्या. सुरक्षित रस्ता नसताना सायकल पुरवणे म्हणजे विहीर खणण्याआधी दोर वाटणे होय. रविवारच्या सायकल फेऱ्यांना माझा विरोध नाही. बोगोता शहरात १९७४ पासून रविवारी रस्ते गाड्यांसाठी बंद ठेवले जातात आणि त्यातून तेथे सायकलींविषयी लोकमत तयार झाले. पण आपल्याकडे फेरी संपली, टी-शर्ट वाटून झाले, की विषयही संपतो.

कार्यक्रमच करायचा असेल तर तो मुलींसाठी करावा. बिहारने २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतला मुलींचा प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलामुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. परिणाम सर्वांत जास्त होता तो शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. नागपूर शहरातली हुडकेश्वरची मुलगी त्या यादीत बसत नाही, आणि तिची शाळाही पुष्कळदा तीन किलोमीटरहून दूर असते. शिवाय शहरात सायकल मिळून भागत नाही. माझ्या वर्गातल्या किती तरी मुलींच्या घरी सायकल आहे, पण चौकाच्या भीतीने आई-वडील पाठवत नाहीत, आणि ऑटोचे महिन्याचे पैसे भरतात.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी रामबागेहून येतात. पूर्वी त्या पायी यायच्या. गेल्या वर्षी त्यांनी एक जुनी लेडीज सायकल विकत घेतली आणि वयाच्या चाळिशीनंतर मेडिकलच्या मैदानावर, पोराने मागून सीट धरून, ती शिकल्या. आता त्या आमच्याकडचे काम आटोपून पुलापलीकडच्या आणखी दोन घरी जातात. माझ्या बायकोने त्यांना विचारले, की भीती वाटत नाही का? त्या म्हणाल्या, “वाटते ना, ताई. रस्त्यानं येतो मी बराबर. पण पुलावर उतरूनच जातो. मागून बस आली का हात कापते.” आमच्या वहीत ‘ढकलणाऱ्यांच्या’ रकान्यात पडलेल्या रेघांपैकी एक बहुधा त्यांची असावी.

स्पेनमधल्या सेविया शहराचे उदाहरण मला येथे उपयोगी वाटते. तेथे सायकली जवळपास नाहीशा झाल्या होत्या आणि ऊनही नागपूरला लाजवील असे नसले तरी चाळिशीच्या घरात जाणारे. त्या शहराने २००६-०७ च्या सुमारास, थोडे येथे थोडे तेथे करत बसण्याऐवजी, सुमारे ८० किलोमीटरचे एकमेकांना जोडलेले, कठड्याने वेगळे केलेले जाळे थोडक्या काळात पूर्ण केले, आणि त्यासाठी बऱ्याच ठिकाणी मोटारी उभ्या करण्याची जागा काढून घेतली. काही वर्षांतच सायकलींच्या फेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. जाळ्यात एक दुवा जरी तुटका असला तरी मावशींसारखी व्यक्ती संपूर्ण मार्ग सोडून देते, हे त्यांच्या नियोजनकर्त्यांना उमगले होते. नागपुरात आज ८० किलोमीटर मागणे कोणी मनावर घेणार नाही. म्हणून मी रूळ ओलांडण्याच्या पाच जागा मागतो: प्रत्येक ठिकाणी पूल किंवा भुयारी मार्ग आणि त्याच्या दोन्ही टोकांचे चौक, एवढेच. लोहापूल आणि नरेंद्रनगर येथे पावसाचे पाणी तुंबते, तेव्हा मोटारी थांबून राहतात आणि सायकलवाले सायकल खांद्यावर घेऊन कमरेभर पाण्यातून जातात, कारण त्यांची पाळी कोणासाठी थांबत नाही. तेथे पाण्याच्या पातळीच्या वर उचललेली, कडेची अरुंद सायकल-वाट बांधणे कोणत्याही उड्डाणपुलाच्या खर्चापुढे किरकोळ काम आहे.

आमची वही मी कपाटात ठेवलेली आहे. हिवाळ्यातल्या मोजणीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून मुलीने मे महिन्यातल्या एका मंगळवारी पुन्हा त्याच जागी, सकाळी साडेपाचपासून, उभे राहायचे ठरवले आहे. तिने रकाने आधीच आखून ठेवले आहेत आणि त्यांत दोन नवे वाढवले आहेत: डोक्याला ओला दुपट्टा बांधलेले, आणि झाडाखाली थांबलेले. दुसऱ्या रकान्यासाठी पुलाच्या त्या टोकाला उभे राहता येईल असे झाड शोधायला आम्ही मागच्या रविवारी गेलो होतो. एकच सापडले, आणि त्याच्या बुंध्याशी कोणीतरी चुन्याने आकडा घातलेला होता.